उभे, रांग तिसरी

इंग्रजांनी या देशाचं सगळ्यात मोठं नुकसान तोफेनं केलं नाही, रेल्वेनं केलं नाही, कापसाच्या गाठी विलायतेला नेऊनही केलं नाही. ते केलं एका क्रियापदानं, असा निकाल किसनराव बोरकुटे यांनी १९५७ सालच्या एप्रिलमधल्या एका सोमवारी, वर्ध्यातल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात, अंगात नुसती बंडी आणि डोक्यावर शाळेची टोपी अशा अवस्थेत दिला. निकाल ऐकायला दोघीच हजर होत्या. एक शेजाऱ्यांची बकरी, आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी आनंदाबाई. दोघींनीही चघळणं थांबवलं नाही. बकरीच्या तोंडात चिंचेचा पाला होता आणि आनंदाबाईंच्या तोंडात सुपारी, एवढाच काय तो फरक.

"कोनतं?" आनंदाबाईंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"अरेंज."

"म्हंजे काय होते?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत किसनरावांना निदान हजार पोरांनी विचारला असेल, आणि हजारही वेळा त्यांनी खडू खाली न ठेवता उत्तर दिलं होतं. नीट लावणे, मांडणी करणे, व्यवस्था करणे. मग फळ्यावर वाक्य: मदर अरेंजेस द फ्लॉवर्स. वर्धा जिल्ह्यात कोणत्याही आईनं फुलं अरेंज केल्याचं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. इथली आई कण्हेर ओरबाडते, देवावर टाकते आणि चुलीकडे पळते. पण वाक्य पुस्तकातलं होतं, पुस्तक सरकारमान्य होतं, आणि पोरंही भली होती, ती मान हलवत. आज मात्र तेच साधं उत्तर त्यांना पुरेना. नीट लावणे. कोणी? कोणाला? आणि नीट म्हणजे कुणाच्या मतानं? बकरीनं शेपटी हलवून खाली चार लेंड्या टाकल्या. त्याही एका ओळीत पडल्या आहेत असं किसनरावांना वाटलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

झालं होतं एवढंच. दुपारी ते वाचनालयाच्या किल्ल्या परत द्यायला हेडमास्तरांच्या खोलीत गेले होते. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते आणि एकेक किल्ली परत करताना आपला एकेक अवयव जमा करतो आहोत असं वाटून ते रोज एकच देत. टेबलावर नागपूरहून आलेलं एक पुडकं सुतळी कापून ठेवलेलं होतं. आत राखी रंगाची जाड पुठ्ठ्याची कार्डं, कडेला सोनेरी रेघ. शनिवारी शाळेचा ग्रूप फोटो निघणार होता आणि तो ज्याच्यावर चिकटवायचा ती ही कार्डं. आजवर आधी फोटो निघे, मग कोण कुठे आलं ते बघून खाली नावं लिहिली जात. नवे हेडमास्तर वासुदेवराव दूरदृष्टीचे. त्यांनी नावं आधीच छापून आणली होती, म्हणजे मग माणसांनी फक्त छापल्याप्रमाणे उभं राहायचं. कार्डाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत होतं: 'इंग्रजीचे ज्येष्ठ शिक्षक श्री. कि. रा. बोरकुटे यांच्या निरोपप्रसंगी'. किसनरावांना गहिवरून आलं. ते गहिवर तसाच धरून खालच्या नावांकडे वळले. 'बसलेले' मध्ये आठ नावं होती, त्यांत ते नव्हते. 'उभे, रांग दुसरी' मध्ये नव्हते. 'उभे, रांग तिसरी' मध्ये डावीकडून सातवे होते, वाचनालयाचा कारकून आणि जानेवारीत लागलेला कवायतीचा तात्पुरता शिक्षक यांच्यामध्ये. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हाही सातवेच आले.

"सुरेख छपाई आहे, नाही?" वासुदेवराव म्हणाले. ते पुण्याकडचे, स्वच्छ दातांचे, आणि त्यांच्या तोंडून आलेलं प्रत्येक वाक्य इस्त्री करून आल्यासारखं असे.

"माझं नाव..."

"आहे ना. वर, ठळक टाइपात."

"ते नाही. खालचं."

"हां. ते ग्रेडप्रमाणे आहे, बोरकुटे. नोव्हेंबरपासून आपण मुंबई राज्यात आलो. आता पूर्वीसारखं ज्याला जिथं वाटेल तिथं चालायचं नाही. बी.टी.ची अध्यापन-पदवी असलेले खुर्चीवर, नुसते बी.ए. दुसऱ्या रांगेत, आणि बाकीचे..." 'बाकीचे' हा शब्द त्यांनी फार हळुवारपणे उच्चारला, डॉक्टर रोग्याची नाडी सोडताना बोलतो तसा. "सगळं अरेंज झालंय. तुम्ही फक्त शनिवारी साडेचारला या."

किसनरावांना तेव्हा एक वाक्य सुचायला हवं होतं. ते त्यांना वाचनालयाच्या पायरीवर सुचलं, म्हणजे नेहमीप्रमाणे एक मजला उशिरा. सायन्सचे हरकरे फेब्रुवारीतच नोकरी सोडून नागपूरला गेले, ते खुर्चीवर पाचवे कसे, हे ते वाक्य. गेलेला माणूस खुर्चीवर बसतो आणि जो अजून गेलेलाच नाही तो मागे उभा राहतो. पण परत वर जाऊन हे बोलायचं म्हणजे आपल्याला लागलं आहे हे कबूल करणं, आणि इंटर नापास माणसाला लागलेलं दाखवण्याची सोय नसते. एकोणीसशे चोवीस साली नागपूरला कॉलेजच्या इंटरच्या परीक्षेत तर्कशास्त्राच्या पेपरात त्यांनी एकाच प्रश्नाचं इतकं सुंदर उत्तर लिहिलं की बाकीच्या पाचांना वेळ उरला नाही. तो पेपर गेली तेहतीस वर्षं त्यांच्या मागून चालत होता, चप्पल घसटत. आज तो पुढे आला आणि कार्डावर छापून बसला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. कडेची सोनेरी रेघ अंगठ्याला लागली होती. कोटाला पुसली, तर कोटाला लागली आणि अंगठ्यावरही राहिलीच.

वाचनालयात मोठा शब्दकोश स्वतंत्र घडवंचीवर होता, आणि ती किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. कोशाचं 'एस' अक्षर वाळवीनं नेलं होतं, पण 'ए' शाबूत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी 'अरेंज' कधी उघडून पाहिला नव्हता. रोजच्या वापरातल्या शब्दाला कोण कोशात शोधतो? बायकोला कुणी जनगणनेच्या कागदात शोधत नाही. आता त्यांनी चष्मा पुसून पाहिला. शब्द इंग्रजांचा नव्हताच. फ्रेंचांकडून उचललेला. आणि मूळ अर्थ फुलांचा नव्हता, पुस्तकांचा नव्हता, दिवाणखान्याचा तर मुळीच नव्हता. मूळ अर्थ होता लढाईसाठी माणसं ओळीत उभी करणं. भाल्यासमोर कोण, मागे कोण, घोड्यावर कोण, चिखलात कोण. चारशे वर्षं हा शब्द रणांगणावर राबला आणि मग म्हातारपणी घरात येऊन फुलदाण्या लावायला लागला, पेन्शनर सुभेदारासारखा. किसनरावांना पहिल्यांदा आसुरी आनंद झाला. म्हणजे वासुदेवराव फोटो काढत नव्हते, फौज उभी करत होते, आणि तिसऱ्या रांगेत कोणाला ठेवतात हे जगाला ठाऊक आहे. मग त्यांनी 'ओळ' या अर्थाचा 'रँग' हा जो फ्रेंच शब्द त्याच्या पोटात होता तो शोधला. आपली मराठी रांगही त्यातलीच असावी असा एक क्षण मोह झाला, पण किसनराव इंटर नापास असले तरी इतके नापास नव्हते. कोश सांगत होता की त्या ओळीच्याही मागे जुन्या जर्मन रानटी लोकांचा एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ओळ नाहीच. त्याचा अर्थ कडं. गोल. गोल करून जमलेली माणसं.

ते स्टुलावर बसले. बाहेर घंटा झाली, पोरं खिदळत गेली, पुन्हा शांत झालं. गोल. म्हणजे मुळात माणसं गोल बसत होती, तोंडाला तोंड करून. मग कुणीतरी आलं, त्यानं तो गोल एका ठिकाणी कापला, दोन्ही टोकं धरून ताणला आणि सरळ केला. ताणल्याबरोबर त्याला एक पहिलं टोक आलं आणि एक शेवटचं. तोपर्यंत शेवटचा माणूस जगात नव्हता. हा एवढा गुन्हा झाला, आणि त्याची नोंद कुठे, तर वर्ध्याच्या एका शाळेत, वाळवीच्या दोन बोटं अलीकडे, आणि ती वाचायला एकतीस वर्षांत कुणी आलं नाही, खुद्द इंग्रजीचे ज्येष्ठ शिक्षकसुद्धा नाहीत. एकाएकी मोहाच्या फुलांचा आंबूस वास कुठून आला ते त्यांना कळेना. मग कळलं. वडिलांबरोबर ते कारंज्याकडच्या रानात गेले होते, अकरा वर्षांचे असताना. वडील मालगुजाराचे, म्हणजे तिथल्या जमीनदाराचे, कारकून, काखेत दप्तर. गोंडांच्या एका वस्तीत कुणाच्या बैलानं कुणाचं काय खाल्लं याचा निवाडा होता आणि सगळी वस्ती मोहाच्या झाडाखाली गोल बसली होती. कारकुनासाठी बाज आणली. आणली खरी, पण ठेवायची कुठे? या बाजूला ठेवली तर त्या बाजूचे दूर होत, त्या बाजूला ठेवली तर इकडचे सरकत; जिथं ठेवावी तिथं गोल मोडे. चार माणसं बाज उचलून फिरत राहिली आणि वडील त्यांच्या मागे, प्रतिष्ठितपणे. शेवटी एका म्हातारीनं कंटाळून सांगितलं, मधात ठेवा. मध्यभागी बाज, बाजेवर वडील, आणि चारी बाजूंनी माणसं बोलताहेत. जो बोले तो पाठीमागेच निघे. दुपारभर वडील लट्टूसारखे फिरले. निवाडा त्यांच्याशिवाय झाला, आणि मान पुढे तीन दिवस तिळाच्या तेलानं शेकावी लागली. लहानग्या किसनला त्या दिवशी फार लाज वाटली होती. आज पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांनी स्टुलावर बसून त्यांना कळेना की ती लाज वडिलांची वाटली होती, की त्या गोलात आपल्याला कुणी बस म्हटलं नाही त्याची.

हे सगळं त्यांनी अंगणात आनंदाबाईंना सांगितलं. कोश, फौज, कडं, बाज. आनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची ऐकण्याची पद्धत तांदूळ निवडण्याची होती. बाकीचं जाऊ देत आणि खडा तेवढा उचलत.

"म्हंजे तुमाले मांगं उभं केलं."

"प्रश्न मागं-पुढंचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"हो, पन मांगंच केलं न."

"केलं."

"तर मंग सरळ सांगा न बाप्पा. एवढे जर्मन काऊन आणून राह्यले?" त्यांनी पिंक टाकली. "आपल्या लग्नात मी दोन दिस उपाशी होतो. पंगती उठून राह्यल्या, बसून राह्यल्या. तुमचे मामा, तुमचे काका, मंग गावचे, मंग बँडवाले. नवरीले कोनी इचारलं नाई. तवा नाई पाह्यलं तुमी ते पुस्तक?"

यावर किसनराव आत निघून गेले. टोपी काढायची राहिली होती ती त्यांनी आत काढली. बायकांना मुद्दा सोडून बोलायची सवय असते असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि मुद्दा नेमका कुठे सुटला ते रात्रीपर्यंत शोधत राहिले.

मंगळवार त्यांनी भाषण रचण्यात घालवला. इंग्रजीत. 'सर, डू यू नो द व्हर्ब यू हॅव सो लाइटली एम्प्लॉइड?' अशी सुरुवात होती. बुधवारी मधल्या सुट्टीत ते पुरावा गोळा करायला हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात गेले. तिथं भिंतीवर जुने ग्रूप फोटो ओळीनं टांगलेले होते आणि आपण कुठून कुठे आलो हे त्यांना अंतरासकट मांडायचं होतं. सव्वीस साली ते मागे उभे होते, मिशी नुकतीच राखलेली. चौतीस साली खुर्ची, पण टोकाची, अर्धा गुडघा फोटोबाहेर. एक्केचाळीस साली टोकापासून तिसरे. शेहेचाळीस साली, म्हणजे शेवटच्या फोटोत, थेट हेडमास्तरांच्या शेजारचे. वीस वर्षं ते बैलगाडीच्या वेगानं मध्याकडे सरकत आले होते, आणि आणखी एका खुर्चीवर... ते काचेला नाक लावून स्वतःचा शेहेचाळीस सालचा चेहरा बघत होते. समाधानी चेहरा होता. पंगतीत दुसऱ्यांदा श्रीखंड आलेल्या माणसाचा. आणि मग त्यांची नजर वर गेली. फोटोत सगळ्यांच्या मागे पडदा म्हणून निळ्या पट्ट्यांची सतरंजी होती, आणि सतरंजीच्या वरच्या काठावर, उजवीकडे, चार बोटं होती. नुसती बोटं. पक्षी तारेवर बसतात तशी. त्यांतल्या एकाला चिंधी बांधलेली.

ते एक्केचाळीसकडे गेले. बोटं होती. चौतीसमध्ये होती. तीस सालच्या फोटोत होती, तिथं नखं तरुण वाटत होती. सव्वीसमध्ये नव्हती, सतरंजी झाडाला बांधली होती. गोंडांतला शिपाई मंगरू मडावी अठ्ठावीस साली शाळेत लागला. पहिल्यांदा किसनरावांच्या मनात जे आलं ते फार उदात्त नव्हतं. त्यांच्या मनात आलं, बघा, बोटंसुद्धा दर फोटोत आहेत, एकही साल चुकलेली नाहीत, त्यांना कुणी बी.टी. विचारलं नाही. मग ते चिंधीच्या बोटाकडे बघत राहिले, आणि शेहेचाळीस सालची ती सकाळ वर यायला लागली, यायला नको होती तरी. बाकं लावत होते. मंगरूचं बोट बाकाखाली सापडलं होतं. रक्त आलं होतं. आणि कोणीतरी म्हणालं होतं, मंगरू, बाकावर डाग पाडू नको, वर मास्तर उभे राहायचे आहेत. आवाज कोणाचा होता? आवाज चांगला होता, स्पष्ट उच्चारांचा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. किसनरावांनी फोटो खिळ्यावरून उतरवला, आवाजाचा मालक मागे लिहिलेला असेल अशा वेड्या हिशेबानं. मागे खरंच एक कागद डकवलेला होता. बसण्याची यादी. वळणदार अक्षर, ज्या अक्षराचे कित्ते त्यांनी पोरांना गिरवायला दिले होते. बसलेले, उभे, जमिनीवर बसलेले, आणि शेवटी, रेघ मारून: 'व्यवस्था: मंगरू – सतरंजी, बाकं, पाणी.' खाली सही. कि. रा. बोरकुटे.

त्यांना राग आला. खरं म्हणजे राग सोमवारपासून आलेलाच होता, पण आता त्याला बसायला जागा सापडेना. वासुदेवरावांवर बसवला की घसरून आपल्याच मांडीवर येई. माणसाचा स्वच्छ, धडधडीत, न्याय्य राग असा नासवला जावा, याचाही त्यांना वेगळा राग आला. आणि मंगरूचाही आला. याला कुणी सांगितलं होतं एकोणतीस वर्षं धरून ठेवायला?

मंगरू घंटेखाली उकिडवा बसून कापडानं घंटेची हातोडी पुसत होता. किसनराव त्याच्यासमोर उभे राहिले.

"मंगरू, ते फोटो पाह्यले का तू कधी?"

"पाह्यले ना, गुर्जी. काचा मीच तं पुसतो."

"अन् मंग?"

"मंग काय?"

"तुले काही वाटत नाई? इतके वर्सं झाले, अन् तू त्याच्यात नाई."

मंगरूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की गुरुजींना ऊन लागलं असावं. "नाई कसा? हाये ना." त्यानं उजव्या हाताची चार बोटं वर करून दाखवली. "हे काय. रामबाईले एक डाव आणलं होतं शाळेत, आमची घरवाली. तिनं लगेच वळखलं. मने, हे तुमचं, याचं नख वाकडं हाये. गावात साऱ्यायले सांगत फिरली." तो हसला. "तुमचा तं चेहरा हाये, गुर्जी, पन तुमी काऊन असे पाहून राह्यले, मले समजत नाई. सारेच्या सारे त्या डब्ब्याकडं. कोनी कोनाकडं पाहूनच नाई राह्यलं. आमच्याइकडं असे नाई बसत."

"कसे बसता?"

"आता कसे म्हंजे? बसतो." मंगरूनं बोटानं धुळीत एक गोल काढला, आणि शाळेची धूळ घाण केल्यासारखं वाटून लगेच हातानं पुसला. "पन फोटो नाई निंघत तसा."

शनिवारी साडेचारला मैदानात ऊन तिरपं होऊन पिवळं पडलं होतं. सतरंजीचं एक टोक व्हरांड्याच्या खांबाला बांधलं होतं आणि दुसरं टोक, स्टुलावर चढून, दोन्ही हातांनी मंगरूनं धरलं होतं. समोरून दिसत होती ती फक्त बोटं. पुढे आठ खुर्च्या, मग उभी रांग, मग बाकांवर चढलेली तिसरी. फोटोग्राफर बबनराव काळ्या कापडात शिरून पुन्हा पुन्हा बाहेर येत होते. कॅमेरा जुना, तोंडाला टोपण असलेला, आणि फोटो उमटवायची काचेची पट्टी एकच उरलेली, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा बजावलं होतं. वासुदेवराव हातात कार्ड घेऊन एकेकाला छापल्याप्रमाणे उभं करत होते. "सातवे बोरकुटे. वर चढा, सांभाळून." किसनराव चढले. भाषण त्यांच्या खिशात होतं. बाकाची फळी पायाखाली कुरकुरली. डाव्या कानाजवळ सतरंजीचा धुरकट वास येत होता आणि मंगरूचा श्वास ऐकू येत होता. खाली पाचवी खुर्ची रिकामी होती, हरकऱ्यांची, आणि तिच्या आसनावर ऊन बसलं होतं, ऐसपैस.

"अरे मास्तर," मधल्या खुर्चीवरून संस्थेचे अध्यक्ष बाबाराव मागे वळून ओरडले. ते कापसाच्या जिनिंगचे मालक, पोटानं आणि मनानं मोठे. "तुमी तिकडं काऊन चढून राह्यले? निरोप तुमचा, अन् तुमीच पत्र्यावर? या न खाली. हे खुर्ची रिकामीच हाये."

"तिथं हरकरे आहेत," वासुदेवराव म्हणाले.

"हरकरे तं नागपूरले गेले."

"कार्डावर आहेत."

बाबारावांनी कार्ड घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. व्यवहारी माणूस. "मंग काय झालं? मास्तर बसतीन हरकऱ्याच्या जागी. नाव खाली हरकरेचं राहीन. कोन वाचते?"

वासुदेवरावांचा चेहरा उजळला, कारण यात काहीच बदलायला लागत नव्हतं. "चालेल. या, बोरकुटे."

सगळ्यांनी वळून वर पाहिलं. किसनरावांचे गुडघे खाली यायला निघाले होते, हे त्यांना नंतर कबूल करावं लागलं असतं. खुर्ची. अध्यक्षांच्या लगतची. शेहेचाळीस सालापेक्षाही आत. चेहरा खुर्चीवर आणि खाली हरकरे. आणि बोरकुटे हे नाव मागे, कवायतीच्या शिक्षकाच्या शेजारी, एका रिकाम्या फटीखाली. पन्नास वर्षांनी कुणी बोट ठेवून वाचेल, हे हरकरे, सायन्सचे. किंवा मग इथंच, आपल्या नावावर, मागे. स्वतःचं नाव हवं की खुर्ची, असा प्रश्न माणसाला कुणी विचारावा, आणि तोही सोयीचा तोडगा म्हणून, हसत? त्या हसण्यानं त्यांचं भाषण खिशातून घशात आलं. इंग्रजी मात्र खिशातच राहिलं.

"हेडमास्तरसाहेब," ते बाकावरून म्हणाले, आणि आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा निघाला, "तुम्ही सोमवारी म्हणालात अरेंज झालंय. या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?"

"बोरकुटे, ऊन जातंय."

"जाऊ द्या! चारशे वर्षं हा शब्द लढाईत होता. माणसं मरायला उभी करण्याचा शब्द आहे हा. आणि त्याच्या आधी, साहेब, त्याच्या आधी ओळ नव्हतीच. गोल होता! माणसं गोल बसत होती. कुणी पहिलं नाही, कुणी सातवं नाही. तो गोल कापून तुम्ही सरळ केला, आणि आता विचारता, खुर्ची की नाव? कोणी कापला तो? कोणाच्या हुकमानं? मी म्हणतो खुर्च्या गोल लावा. आत्ताच्या आत्ता. गोल!"

दुसऱ्या रांगेतल्या एका बी.ए.ला खोकला आला, तो त्यानं गिळला. बबनराव काळ्या कापडातून बाहेर आले.

"गोल बसले तं अर्ध्यायची पाठ येईन," ते म्हणाले.

"येऊ द्या पाठ!"

"माही पाठ घरचे वळखतीन," बाबाराव गंभीरपणे म्हणाले, "पन संस्थेच्या हॉलात लावाचा हाये म्हटलं फोटो."

कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट झालं. हसले असते तर किसनरावांना आणखी रागावता आलं असतं. सगळे नुसते वाट बघत उभे होते, एखाद्याची उचकी थांबायची वाट बघतात तसे. वासुदेवरावांनी कार्ड पाठीमागे धरलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग कुठे राहता, बोरकुटे? खाली की वर?"

ऊन पाचव्या खुर्चीवरून उतरून तिच्या पायाशी आलं होतं. किसनरावांनी तिच्याकडे शेवटचं बघून घेतलं. मग त्यांनी कोटाचं बटण लावलं, टोपी सारखी केली आणि वाचनालयाच्या कारकुनाला जरा सरकायला लावून ते होते तिथंच ताठ उभे राहिले. "वर," ते म्हणाले. "माझ्या नावावर." छाती भरून आली होती, पण कशानं ते नीट सांगता येत नव्हतं. थोडा विजय होता, पुष्कळसा संताप होता, आणि त्याच्या बुडाशी कुठेतरी पंचवीस-तीस वर्षांचा गाळ ढवळला गेला होता. चेहरा तरी असा यायला हवा की बघणाऱ्याला तिसऱ्या रांगेतून थप्पड बसावी. त्यांनी भुवया आवळल्या, हनुवटी पुढे काढली आणि कॅमेऱ्याच्या भोकात थेट बघितलं.

"आता कोनी हालू नका," बबनराव टोपणावर हात ठेवून ओरडले. "एकच पट्टी हाये. जो हालला त्याचं तोंड गेलं. तीन म्हनलो का काढतो. एक..."

सगळ्यांनी श्वास धरला. मैदानात कुठेही काही हललं नाही.

"दोन..."

"गुर्जी," सतरंजीआडून, अगदी कानाशी, मंगरू कुजबुजला, "माह्या नाकावर माशी बसून राह्यली. माहे दोनी हात गुतले. जराशी हाकला ना."